पारसनीस : एका विरळ आडनावाची हकीकत

आपल्याकडे नवख्या माणसाशी बोलणे सुरू झाले, की दुसरा, फार तर तिसरा प्रश्न ठरलेला असतो : "आडनाव काय आपले?" आगगाडीच्या डब्यात, धर्मशाळेच्या ओसरीवर, घर भाड्याने देताना, सोयरीक जुळवताना हा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. उत्तर मिळाले की विचारणाऱ्याच्या मुद्रेवर समाधान उमटते. जणू समोरच्या माणसाची जात, कुळी, मूळ गाव आणि योग्यता ही सारी त्याला एका शब्दात कळून चुकली. एका शब्दाला एवढे सगळे सांगता येते काय? की तो शब्द सांगतो एक आणि आपण ऐकतो भलतेच? या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी आज मी सगळ्या आडनावांचा पसारा मांडणार नाही. एकच आडनाव घेणार आहे, आणि तेही विरळ : पारसनीस. शेगावच्या बाजारात उभे राहून "अहो पाटील" अशी हाक दिली, तर दहाजण वळून पाहतील. "अहो पारसनीस" अशी हाक दिली, तर बहुधा कोणीच वळणार नाही. पण दाट गर्दीतल्या झाडापेक्षा माळावरचे एकटे झाड जसे मुळापासून शेंड्यापर्यंत नीट न्याहाळता येते, तसे या आडनावाचे आहे.

प्रथम अर्थ पाहू. आडनावाचा अर्थ लावताना आपला कान आपल्याला हटकून फसवतो. पारसनीस म्हटले की कोणाला लोखंडाचे सोने करणारा परीस आठवतो, कोणाला पारसनाथ आठवतो. या दोहोंचाही येथे संबंध नाही. हा शब्द दोन फारशी शब्दांचा जोड आहे. 'पारसी' म्हणजे इराणची भाषा, जिला आपण फारसी किंवा फारशी म्हणतो. आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. पारसीनवीस म्हणजे फारशी पत्रव्यवहार लिहिणारा आणि वाचून दाखवणारा कारकून. बोलताना मधली अक्षरे झिजली आणि पारसनीस उरला.

मग एकीकडे 'फारसी' आणि दुसरीकडे 'पारस', असा प आणि फ यांचा फरक का? याचेही उत्तर सोपे आहे. इराणच्या एका प्रांताचे जुने नाव पार्स. आपल्याकडे कालिदासाने रघूच्या दिग्विजयात त्या लोकांना पारसीक म्हटले आहे. पुढे इराण अरबांच्या सत्तेखाली गेला. अरबी भाषेत प हा उच्चार नाही; त्यामुळे पार्सचे फार्स झाले आणि पारसीचे फारसी झाले. पण प असलेले जुने रूपही लोकांच्या तोंडी राहिले. मुंबईच्या पारशी समाजाच्या नावात ते आहे, आणि पारसनीस या आडनावातही तेच आहे.

आता 'नीस' या शेपटाकडे वळू. हे शेपूट आपल्या पुष्कळ परिचित आडनावांना आहे. चिठ्ठ्यापत्रे लिहिणारा तो चिटणीस. पोत म्हणजे सरकारी खजिना. त्याचा हिशेब लिहिणारा पोतनीस, आणि तोच खजिना सांभाळणारा पोतदार. जमेची बाजू लिहिणारा जमेनीस. किल्ल्यावरच्या कोठारांचा जमाखर्च ठेवणारा कारखानीस. घडलेल्या गोष्टींची, म्हणजे वाकियांची, नोंद ठेवून ती धन्याला कळवणारा वाकनीस. त्याचा वाचेशीही संबंध नाही आणि वाकण्याशीही नाही. या सगळ्यांच्या शेवटी तोच एक 'नवीस' उभा आहे. फारशीत लिहिणे या क्रियेला 'नविश्तन' म्हणतात, त्यातून तो निघाला. नागपूरकडे तो पुष्कळसा अभंग राहिला, म्हणून तिकडे चिटणवीस हे रूप आढळते. सातारा-पुण्याकडे तो आखडला, म्हणून तिकडे चिटणीस झाले. माणसे तीच, काम तेच. उच्चाराची झीज तेवढी कमी-अधिक.

हा शब्द मुसलमानी राजवटीबरोबरच प्रथम या देशात आला असे मात्र समजू नये. आजच्या पाकिस्तानात शाहबाजगढी येथे सम्राट अशोकाचे शिलालेख आहेत. तेथे 'लिहिले' या अर्थी 'निपिस्त' असा शब्द वापरला आहे. हा प्राचीन इराणी भाषेतला शब्द, आणि आजच्या 'नविश्तन'चा पूर्वज. त्यातल्या 'पिश्' या धातूचे भावंड संस्कृतातही आहे; त्याचा अर्थ घडवणे, सजवणे असा आहे. म्हणजे ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात या उपखंडाच्या वायव्य सरहद्दीवर जो शब्द दगडावर कोरला गेला, त्याचाच वंशज आज एखाद्या मराठी घराच्या दारावरच्या पाटीवर दिसतो. आपले आणि परके यांच्यामधली रेषा भाषेत किती पुसट असते, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

पण अर्थ कळला म्हणजे हकीकत कळली असे होत नाही. मराठी राज्यात फारशी लिहिणाऱ्याची गरज काय होती? यासाठी आपल्या वऱ्हाडाचाच इतिहास पुरेसा आहे. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराच्या ताब्यात गेले. १७२४ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या साखरखेर्डा येथे लढाई होऊन निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत आपली सत्ता बसवली. पुढे एकीकडे निजाम आणि दुसरीकडे नागपूरकर भोसले, असा दुहेरी अंमल या मुलखाने सोसला. १८०३ मध्ये येथून जवळच अडगावला भोसल्यांचा इंग्रजांकडून पराभव झाला, देवगावचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे गेले. १८५३ मध्ये निजामाने ते इंग्रजांच्या हवाली केले. एवढ्या धन्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार कोणत्या भाषेत होई? दिल्लीचा बादशहा आणि हैदराबादचा निजाम फारशीत लिहीत. इतकेच काय, कलकत्त्याचे इंग्रज सरकारसुद्धा एतद्देशीय दरबारांशी फारशीत लिहीत असे, आणि त्यासाठी त्याने फारशी चिटणीस नेमलेला होता. तेव्हा घरचा हिशेब मोडीत लिहिणाऱ्या मराठी दरबाराला बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी एक विश्वासू माणूस लागे. तहाच्या मसुद्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर एखादा परगणा हातचा जायचा. पारसनीसाच्या लेखणीवर एवढा भार होता.

आता या हुद्द्याचे आडनाव कसे झाले ते पाहू. नाना फडणवीस हे नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्यांचे नाव बाळाजी जनार्दन आणि आडनाव भानू. घराण्याकडे फडणिशी आली, आणि फडणिशीने भानूला झाकून टाकले. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी. त्यांचे मूळ आडनाव चित्रे. तेथेही चिटणिशी पुढे आली आणि चित्रे मागे पडले. हुद्दा बापाकडून लेकाकडे, लेकाकडून नातवाकडे जाई. तीन पिढ्या लोक ज्याला "चिटणीस" अशी हाक मारतात, त्याच्या चौथ्या पिढीला ते आपले नावच वाटू लागते. पुढे इंग्रजी अमलात शाळेचे दाखले, कोर्टाचे कागद आणि नोकरीची पटपत्रके यांत प्रत्येकाला एक ठाम आडनाव लिहावे लागू लागले. तोवर सैल असलेले हे नाव तेव्हा कायमचे चिकटले.

यात एक मौजेची गोष्ट आहे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास हुद्द्यांची फारशी नावे बदलून संस्कृत नावे दिली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती झाला. रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात सुमारे १४०० परकी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. या प्रयत्नाला फळ आले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुनी पत्रे मोजून दाखवले आहे, की १६२८ च्या पत्रात शेकडा सुमारे ८५ शब्द फारशी आहेत, १६७७ च्या पत्रात सुमारे ३७ आणि १७२८ च्या पत्रात जेमतेम ६. कागदावरून फारशी अशी ओसरली. पण माणसांच्या नावांवरून ती हलली नाही. मुजुमदार, वाकनीस, डबीर, सरनोबत आजही आपल्यात आहेत. राजाज्ञेने हुद्द्याचे नाव बदलता येते. जे लोकांच्या जिभेवर बसले आणि कुटुंबाच्या अभिमानाचा विषय झाले, ते बदलणे राजालाही अवघड जाते.

आता पाटील इतके आणि पारसनीस इतके थोडे, असे का? काहीजण याचे कारण घराण्याच्या भरभराटीत किंवा ऱ्हासात शोधतात. माझ्या मते उत्तर साध्या हिशेबात आहे. अबुल फजलाने ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना येथल्या लोकांची बोली मुद्दाम टिपून ठेवली आहे. इतर सुभ्यांत ज्याला चौधरी म्हणतात त्याला येथे देशमुख म्हणतात, कानुगोला देशपांड्या, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुलकर्णी म्हणतात, असे तो नोंदवतो. याच वर्णनात वऱ्हाडचे १६ सरकार आणि १४२ परगणे सांगितले आहेत. आता हिशेब करा. पाटील आणि कुलकर्णी गावोगाव. देशमुख आणि देशपांडे परगण्यापरगण्याला. पारसनीस मात्र जेथे दरबार तेथेच. आणि दरबार सबंध महाराष्ट्रात किती? बोटांवर मोजण्याइतके. ज्या हुद्द्याच्या जागा हजार, ते आडनाव घरोघर. ज्याच्या जागा दहा-पाच, ते आडनाव विरळ. आडनावाच्या प्रसाराचा हा नियम मनात धरला, म्हणजे आडनावांची यादी हा जुन्या राज्यकारभाराचा नकाशाच वाटू लागतो.

हा नियम आपल्यापुरताच नाही. इंग्लंडात सर्वांत अधिक आढळणारे आडनाव स्मिथ, म्हणजे लोहार. कारण उघड आहे : नाल मारायला आणि नांगराचा फाळ करायला गावोगाव लोहार लागे. त्याच देशात लॅटिमर नावाचे एक विरळ आडनाव आहे. त्याचा मूळ अर्थ 'लॅटिन जाणणारा', आणि त्यावरून दुभाषा. नॉर्मन राजांच्या काळात इंग्लंडात राजा आणि सरदार फ्रेंच बोलत, चर्चचे आणि राज्याचे कागद लॅटिनमध्ये लिहिले जात, आणि रयत इंग्रजी बोले. या तिघांची गाठ घालून देणारा तो लॅटिमर. म्हणजे इंग्लंडातला लॅटिमर आणि महाराष्ट्रातला पारसनीस हे एकाच धंद्यातले सोबती. दोघेही राज्यकर्त्यांच्या भाषेचे जाणकार, दोघेही मोठ्या घरच्या नोकरीत, आणि म्हणून दोघेही संख्येने थोडे.

लॅटिमर या आडनावाची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. हे नाव धारण करणारे एक बिशप ह्यू लॅटिमर. धर्ममतासाठी १५५५ मध्ये त्यांना ऑक्सफर्डला जिवंत जाळण्यात आले. याच नावाचे दुसरे गृहस्थ अमेरिकेतले लुईस लॅटिमर. ते १८४८ मध्ये जन्मले. त्यांचे वडील व्हर्जिनियातून पळून सुटका करून घेतलेले निग्रो गुलाम होते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या टेलिफोनच्या पेटंटासाठी लागणारे नकाशे या लुईस लॅटिमरांनी काढले. आता इंग्लंडातला बिशप आणि गुलामाचा कर्तबगार मुलगा यांचे आडनाव एक म्हणून त्यांची कुळी एक असे कोण म्हणेल? शब्द एकच, तो ज्या वाटांनी दोघांपर्यंत पोहोचला, त्या मात्र अगदी निराळ्या.

आपल्याकडेही असेच आहे, पण आपण ते पाहत नाही. पाटील मराठ्यांत आहेत, कुणब्यांत आहेत, आगरी-कोळ्यांत आहेत, जैनांत आणि लिंगायतांतही आहेत. कुलकर्णी ब्राह्मणांत आहेत तसे इतरांतही आहेत. चिटणीस ब्राह्मणांत आढळतात आणि कायस्थ प्रभूंतही. आपल्या वऱ्हाडात तर देशमुख आडनावाची मुसलमान घराणी नांदत आहेत. ज्याच्या हाती काम आले त्याच्या दाराला कामाचे नाव लागले. मग आडनाव ऐकताच जात कळली असे समजणारा माणूस काय करतो? तीनशे वर्षांपूर्वीच्या एका नेमणुकीच्या कागदावरून तो आज समोर उभ्या असलेल्या माणसाचा निवाडा करतो. घर भाड्याने मिळणे न मिळणे, मुलाखतीत आदराने बसायला सांगणे न सांगणे, मुलामुलींची लग्ने होणे न होणे, या गोष्टी जेथे या निवाड्यावर लोंबकळतात, तेथे ही नुसती शब्दांची करमणूक राहत नाही.

बरे, ज्या हुद्द्यांची ही नावे, ते हुद्दे तरी आज कोठे आहेत? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८३७ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखातल्या कचेऱ्यांतून फारशीची सक्ती उठवली. पारसनिसाचे काम संपले, नाव उरले. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पदही रद्द झाले. पोलीस पाटील १९६७ च्या कायद्याप्रमाणे आजही नेमला जातो, पण ते पद वंशपरंपरेचे नाही. आज एखाद्या गावचा पोलीस पाटील इंगळे असेल किंवा तायडे असेल, आणि पाटील आडनावाचा त्याचा शेजारी शाळेत गणित शिकवीत असेल. हुद्दा एका दारी, नाव दुसऱ्या दारी.

पण म्हणून आडनाव टाकाऊ ठरते असेही नाही. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०-१९२६) यांचे उदाहरण घ्या. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे मराठीतले चरित्र त्यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केले, 'इतिहाससंग्रह' हे मासिक चालवले, आणि जुने कागद, चित्रे, दप्तरे यांच्या शोधात आयुष्य घालवले. मेणवलीचे नाना फडणविसांचे दप्तर उजेडात आणण्यात त्यांचा वाटा मोठा होता. त्यांचा संग्रह पुढे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. त्यांना मान मिळाला तो आडनावामुळे नव्हे, कामामुळे. पण ज्या कुळाच्या नावातच कागद आणि लेखणी आहे, त्या कुळात जन्मलेल्या माणसाने महाराष्ट्राचे विखुरलेले कागद गोळा करावेत, हा योग मोठा गोड आहे. आडनावाचा खरा उपयोग हा असा आहे. ते मागे काय होऊन गेले याची आठवण देते. पुढच्या माणसाची किंमत ठरवण्याचा अधिकार त्याला नाही.

दोन व्यावहारिक सूचना करून हे विवेचन आवरतो. पहिली ही, की आपल्या आडनावाचा अर्थ लावायचा असेल तर कानावर भिस्त ठेवू नका. घरातले जुने खरेदीखत, सनद, देवस्थानच्या वहीतली नोंद, आजोबांचा शाळेचा दाखला काढा आणि नाव पूर्वी कसे लिहिले जाई ते पाहा. जुने रूप सापडले की अर्थ बहुधा आपोआप उलगडतो. फारशी शब्दाचा संशय आला, तर माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फारशी-मराठी कोश हाताशी घ्या. दुसरी ही, की अर्थ फारशी निघाला, कमी मानाचा निघाला किंवा नुसता गमतीचा निघाला, तरी त्याला ओढूनताणून संस्कृत मुलामा देऊ नका. पारसनिसाला परिसाशी जोडल्याने त्याचे सोने होत नाही. उलट दोन दरबारांमधला भरवशाचा माणूस म्हणून त्याने जे केले, त्यावर मात्र पडदा पडतो.

आणि शेगावकरांना हे सांगायला बाहेरचा वक्ता कशाला हवा? श्रीगजानन विजय ग्रंथात खंडू पाटील, हरी पाटील येतात, तसे बंकटलाल अग्रवालही येतात. पाटील हे नाव हुद्द्यावरून आलेले. अग्रवाल हे नाव परंपरेप्रमाणे दूरच्या अग्रोहा गावावरून आलेले. पण ज्यांच्या पायाशी ही सारी मंडळी एकत्र आली, ते गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी या गावात दृष्टीस पडले तेव्हा त्यांचे गाव कोणते, कूळ कोणते, आडनाव काय, हे कोणालाही ठाऊक नव्हते. १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली तोवर ३२ वर्षे लोटली होती, आणि त्या उत्तरावाचून कोणाचे काही अडले नव्हते.